विद्यापीठातून गावाकडे काय आणलं? आमच्याकडे एक फळा आला

तुरीची_शेंग

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावची. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी येणार आहेत आणि आमच्याकडे बसस्टँडवर शिंकलं तर बाजार ओळीत सर्दीची बातमी पोचते. एम.ए. अमरावतीला केलं, अर्थशास्त्रात. परत आले तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलं, "काय शिकून आली वं?" मी म्हटलं अर्थशास्त्र. "मंग आता ब्यांकेत लागशीन." नाही लागले. पण धागा त्याबद्दल नाही.

वर्गात जे शिकले त्यातलं गावात काय कामी आलं, हे विचारलं तर मी गप्प बसते. कामी आली ती मेस.

मी राहायचे त्या खासगी होस्टेलची मेस ठेकेदाराकडे नव्हती. मुलीच चालवायच्या. दर महिन्याला दोघी सेक्रेटरी. किराणा, इतवारा बाजारातून भाजी, स्वयंपाकाच्या मावशींचा पगार, गॅस, कोणाचे किती खाडे, सगळं त्या दोघींकडे. आणि जेवणघराच्या दाराशी एक काळा फळा. त्यावर रोज रात्री कालचे डायट (जेवणं) किती, तूरडाळ किती किलो नि काय भावानं, हातात शिल्लक किती, हे खडूनं लिहायचं. लिहिल्याशिवाय सेक्रेटरीनं जेवायचं नाही. हा नियम कोणी केला माहीत नाही, आमच्या आधीपासूनचा होता.

माझ्या महिन्यात १७ तारखेला ३४० रुपये लागेनात. तीनदा बेरीज केली. रूममेट म्हणाली, भाजीत टाकून दे, कोण बघतंय. मी फळ्यासमोर खडू घेऊन उभी, मागे ताटं घेऊन रांग. शेवटी लिहिलं, "फरक ३४० रु. सापडला नाही." खाली माझं नाव. वाटलं, आता बोलणी बसणार. कोणी काही बोललं नाही. मावशींनी पोळ्या लाटता लाटता मान वर केली, फळा वाचला नि म्हणाल्या, "अवं, गॅसवाला आला होता नं दुपारी. तूच तं पैसे देल्ले. पावती डब्याखाली हाय." मावशी चौथी शिकलेल्या. महिनाभर आम्ही त्यांना पगार देत होतो आणि त्या रोज आमचा हिशेब वाचत होत्या, हे मला त्या दिवशी कळलं.

आता गाव. आमच्याकडे नगरपंचायतीचा नळ सहाव्या दिवशी येतो, कधी आठव्या. कोणत्या दिवशी, किती वाजता, देव जाणे. बाया मजुरीला जायच्या थांबतात, कारण आज नळ येईल असं कोणीतरी सांगितलेलं असतं. आला नाही की रोजही गेला नि पाणीही. व्हॉट्सॲप ग्रुप होता. त्यावर पाण्याच्या एका निरोपामागे तीस गुड मॉर्निंग, दोन भांडणं आणि एक हरवलेलं आधार कार्ड.

मी व्हॉल्व्हमनला जाऊन भेटले. गावात सगळ्यात जास्त शिव्या खाणारा माणूस. त्यांनी पहिल्यांदा चहा पाजला आणि मग दुःख सांगितलं. विहिरीवरची मोटर सलग सहा तास चालली तर टाकी भरते. लाईन मध्येच गेली की पुन्हा पहिल्यापासून. टाकी अर्धी असताना व्हॉल्व्ह उघडला तर वरच्या वॉर्डात नुसती हवा येते. "हे मले कोनी विचारतच नाई," ते म्हणाले. "येते तो पहिले मायवरून सुरू करते."

मी रंगवलेला पत्रा आणला, चार बाय तीन, आणि चौकातल्या खांबाला बांधला. आज टाकी किती फूट, उद्या कोणता वॉर्ड, अंदाजे किती वाजता, नसेल तर का नाही. पहिले पंधरा दिवस मी लिहायचे. सोळाव्या दिवशी मला ताप होता, तर सकाळी फळा लिहिलेला. व्हॉल्व्हमनकाकांनी स्वतः. अक्षर माझ्यापेक्षा चांगलं!

सव्वा महिना चालला. मग मी खाली दोन ओळी वाढवल्या. या महिन्यात टँकरच्या फेऱ्या किती, आणि बिल किती फेऱ्यांचं. तिसऱ्या दिवशी फळा गायब. चौकशी केली तर उत्तर मिळालं की सार्वजनिक खांबावर विनापरवानगी काही लावता येत नाही. त्याच खांबावर तीन वाढदिवसांचे शुभेच्छुक अजून हसत आहेत.

तर प्रश्न दोन. एक, आता काय करू? दोन, तुमच्यातले जे जे शिकून गावाकडे परतले (किंवा नाही परतले), त्यांनी कॉलेजातून, विद्यापीठातून नेमकं काय आणलं? डिग्री सोडून सांगा.

---

लालपरी_पास

ताई, चांगलं लिहिलं, पण जरा उलटं बोलतो. मी बुलडाणा जिल्ह्यातला. बी.एस्सी. झालो, पाच वर्षं एसटीचा पास काढून रोज ३८ किलोमीटर गेलो नि आलो. होस्टेल नाही, मेस नाही. शेवटची गाडी साडेपाचची, म्हणून प्रॅक्टिकल अर्धं सोडून पळायचं. आमच्यासारख्यांसाठी विद्यापीठ म्हणजे हॉल तिकिटावरचा शिक्का. परीक्षेला गेलो, निकालाला गेलो.

गावात परत आलो तर लोक म्हणतात, शिकून काय दिवे लावले? आता भरतीची तयारी चालू आहे. बॅचमधले बाकी पोट्टे पुण्याले गेले, दोन सुरतेले. गाव सुधारायला थांबलेत ते फक्त ज्यांच्या घरी वावर आहे ते.

तरी फळ्याचं आवडलं. शुभेच्छुकांचं तर लयच.

---

पेन्शनर_बंधारा

मी एका ग्रामीण महाविद्यालयात सहा वर्षं राष्ट्रीय सेवा योजनेचा कार्यक्रम अधिकारी होतो. त्यामुळे हा प्रश्न माझ्या जिव्हाळ्याचा.

तरुण वाचकांसाठी थोडं मागचं. एनएसएस सुरू झाली २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात. सुरुवातीला ३७ विद्यापीठं आणि ४० हजार विद्यार्थी. वर्षाला १२० तास काम, दोन वर्षांचे २४०, आणि सात दिवसांचं निवासी शिबिर. सकाळी श्रमदान, दुपारी बौद्धिक, रात्री सांस्कृतिक. शिबिर म्हटलं की आमच्या पिढीला अजून आलू-वांग्याच्या भाजीचा वास येतो.

आता कबुलीजबाब. पहिल्याच वर्षी आम्ही नाल्यावर वनराई बंधारा घातला. सिमेंटची रिकामी पोती, त्यात वाळू-माती, तोंडं शिवून एकावर एक. पन्नास पोरं, ढोलकी, घोषणा. नाल्याच्या काठी एक गायकी गुरं घेऊन उभा होता. तो म्हणाला, "सर, इथं नोका बांधू. इथून पानी कडेनं खाते. थोडं वर, त्या जांभळीजवळ बांधा." मी त्याला म्हणालो, आम्ही पाहणी केली आहे. पाहणी म्हणजे काय, तर जीप जिथपर्यंत जात होती तिथपर्यंत गेलो होतो. उद्घाटनाच्या फोटोत बंधारा फार देखणा दिसतो. आठ दिवसांनी परतीचा पाऊस आला. बंधारा जागच्या जागी उभा, आणि पाणी बाजूच्या काठातून वाट करून निघून गेलेलं. एका शेतकऱ्याची दोन तासं (नांगराच्या ओळी) जमीनही सोबत नेली.

पुढच्या वर्षी त्या गायक्याला बौद्धिकाला पाहुणा म्हणून बोलावलं. तो चार वाक्यं बोलला आणि घामाघूम होऊन खाली बसला. पण नंतर सगळ्या पोरांना घेऊन नाला दाखवत फिरला, दोन तास. त्या वर्षीचा बंधारा जांभळीजवळ घातला. फेब्रुवारीपर्यंत पाणी होतं.

त्या दुसऱ्या तुकडीतला एक मुलगा आता त्याच भागात ग्रामपंचायत सदस्य आहे. काम काढायच्या आधी तो अजून गुराख्याला विचारतो. पहिल्या तुकडीतल्यांचा पत्ता नाही. अर्थात त्यांना आम्ही शिकवलं तरी काय होतं, पोती शिवायला.

आणि हेही सांगतो. निम्मी शिबिरं फोटोपुरती होतात. खराटा हातात, बॅनर मागे, कॅमेरा पुढे. गाडगेबाबा दिवसा गाव झाडायचे आणि रात्री कीर्तन करायचे. आपण दोन्हीच्या मधल्या वेळात फोटो काढतो.

---

हिंजवडी_ते_हिंगणघाट

जबरदस्त धागा! तुरीची शेंग, मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, एका शनिवार-रविवारात ॲप बनवून देतो. व्हॉल्व्हमननं फक्त बटन दाबायचं, वॉर्डातल्या सगळ्यांना नोटिफिकेशन. फुकट. आपल्या मातीसाठी एवढं तर करूच शकतो.

---

तुरीची_शेंग

दादा, मनापासून आभार. पण वॉर्ड ६ मधल्या ज्या आजी पाण्यासाठी रात्री दोनला उठून बसतात, त्यांच्याकडे बटनाचा फोन आहे आणि तो नातू घेऊन गेलाय. फळ्याची गंमत अशी की त्याला चार्जिंग लागत नाही आणि तिथे उभं राहून वाचताना शेजारीणही वाचते. दोघी मिळून लगेच ठरवतात की खोटं आहे की खरं. ॲपमध्ये हे होत नाही. शिवाय फळ्यावर गुड मॉर्निंग टाकता येत नाही.

@पेन्शनर_बंधारा सर, गायक्याचं वाचून मावशींची आठवण झाली.

---

लालपरी_पास

हिंजवडीभाऊ, मातीसाठी शनिवार-रविवार नका देऊ, दिवाळीत गावाले आले की नगरपंचायतीत एक चक्कर मारा. एसी बिसी काही नाही तिथं, पंखा हाय, तोही साहेबाच्या डोक्यावर.

---

टेबल_क्र_४

आयडीवरून ओळखलंच असेल, मी एका नगरपंचायतीत नोकरीला आहे (धागाकर्तीच्या नव्हे, शपथेवर). आतल्या बाजूनं दोन गोष्टी सांगतो, कारण इथं सगळे व्हॉल्व्हमनला सोडून आता आमच्यावर घसरणार असं दिसतंय.

ताई, तुमची खरी अडचण फळ्याची नाही. तुमचं गाव आधी ग्रामपंचायत होतं. तेव्हा ग्रामसभा होती. वर्षातून किमान चार वेळा घ्यावीच लागते, गणपूर्ती मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी ते. कशी का होईना, कागदावर तरी तुम्हाला उभं राहून हिशेब विचारायची जागा होती. २०१५ च्या आसपास आपल्याकडे तालुक्याची कितीतरी गावं नगरपंचायती झाली. लोकांनी फटाके फोडले, शहर झालो म्हणून. पण नगरपंचायत झाली की ग्रामसभा जाते. आणि ७४ व्या (शहरांच्या कारभाराच्या) घटनादुरुस्तीतल्या प्रभाग समित्या? त्या ३ लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्या असेल तरच बंधनकारक. नगरपंचायत साधारण १० ते २५ हजारांच्या गावाला मिळते. म्हणजे तुम्ही मधल्या मध्ये अडकलात. गाव म्हणून बोलायची जागा गेली, शहर म्हणून मिळाली नाही. १७ नगरसेवक, आणि पाच वर्षांनी एकदा बटन.

मी हे नोकरीला लागल्यावर दोन वर्षांनी शिकलो. राज्यशास्त्रात बी.ए. आहे माझं. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती यांतील फरक स्पष्ट करा, गुण १०. फरक स्पष्ट केला, गुणही मिळाले. पण माझ्या स्वतःच्या गावाला तो कुठे लागू होतो, हा विचार कधी डोक्यात आला नाही.

आता उपाय.

टँकरच्या फेऱ्यांचं लिहिलंत ते चूक नाही. माहिती अधिकार कायदा २००५, कलम ४(१)(ख). कार्यालयानं कोणी मागायच्या आधी स्वतःहून जाहीर करायच्या १७ बाबी त्यात आहेत, अंदाजपत्रक नि खर्चही त्यात येतो. तुमच्या मेसचा फळा म्हणजे कलम ४ च आहे. फक्त तिथं जेवण अडत होतं, इथं कोणाचं काही अडत नाही. म्हणून अर्ज करा. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवस. "टँकरबाबत सर्व माहिती द्यावी" असं लिहू नका, आम्ही सुटलो मग. "अमुक ते अमुक तारखेच्या टँकरच्या फेऱ्यांची नोंदवही आणि देयकांच्या प्रती" असं नेमकं लिहा. लॉगबुक मागा. लॉगबुक म्हटलं की आमच्याकडे चहा थंड होतो.

खांबाचं म्हणाल तर १९९५ चा मालमत्ता विरूपण प्रतिबंध कायदा दाखवता येतो. शुभेच्छुकांनाही तो लागू आहे, पण शुभेच्छुकांना कोणी दाखवत नाही. तुम्ही खांब सोडा. कोणाच्या तरी दुकानाच्या आत लावा.

आणि नवीन पाइपलाइन, व्हॉल्व्ह वगैरे मागायचं असेल तर मार्चमध्ये येऊ नका. आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, त्याच्या अंदाजपत्रकात शिरायचं तर अर्ज दिवाळीनंतर लगेच. आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडू नका. मी स्वतः लोकांना "ठेवून जा" म्हणतो, त्यामुळे सांगतोय.

---

तुरीची_शेंग

टेबलदादा, ग्रामसभा गेल्याचं मला ठाऊकच नव्हतं! आमच्याकडे २ ऑक्टोबरला शाळेच्या पटांगणात सभा व्हायची, आजोबा जायचे. ती बंद का झाली विचारलं तर सगळे म्हणायचे, आजकाल कोणाला वेळ आहे.

---

कृषिकन्या_अकोला

मी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाची. तिथे सातव्या सत्रात गावात जाऊन राहावं लागतं, त्याला रावे म्हणतात. मुलगे कृषिदूत, मुली कृषिकन्या. पेपरात आमचे फोटो येतात, "कृषिकन्यांनी दिले निंबोळी अर्काचे प्रात्यक्षिक." शेतकरी मनात म्हणत असतील, पोरी, निंबोळ्या आम्हीच गोळा करून दिल्या तुला.

माझं गाव यवतमाळ जिल्ह्यात होतं, २०१८ चं वर्ष. आदल्या वर्षी, २०१७ ला, याच जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन २० च्या वर माणसं गेली होती. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढली होती, फवारा अंगावरच यायचा. त्यामुळे आम्हाला विषय दिला, सुरक्षित फवारणी. हातमोजे, मास्क, चष्मा, वाऱ्याची दिशा, रिकाम्या पोटी फवारू नये. तक्ते छान केले होते मी.

एक फवारणीवाले भाऊ तक्ता पाहून म्हणाले, "म्याडम, मले पंपाच्या हिशेबानं पैसे भेटते. दिवसाले वीस पंप मारले तं घर चालते. हा टोप घालून मारले तं बाराच होते. आठ पंपाचे पैसे तुमचं विद्यापीठ देते का?" माझ्याकडे उत्तर नव्हतं. तक्ता गुंडाळला. त्या रात्री अहवालात खरं काय घडलं ते लिहिलं. सरांनी तो परिच्छेद काढायला लावला नाही, उलट बाजूला पेन्सिलनं लिहिलं, "हाच विषय आहे."

पदवी झाल्यावर मी माझ्या गावात (तेही त्याच पट्ट्यात) शेती बघते. विष कमी करा हे सांगायचं मी सोडलं, मजुरी पंपावर नाही तर रोजानं द्या, एवढंच मागे लागले. आठ घरं तयार झाली. पुढच्या हंगामात दोन मागे फिरली, म्हणाली, रोजानं दिलं की माणूस झाडाखाली बसतो. बसतो, खरंच बसतो. मी म्हटलं, बसू द्या, त्यासाठीच तर दिलं. सहा घरं टिकून आहेत. फार मोठं काही नाही.

---

मोहफूल

कृषिकन्याताई, "हाच विषय आहे" लिहिणारे सर प्रत्येकाला मिळोत.

मी गडचिरोलीकडची. आमच्याकडे गोंडवाना विद्यापीठ झालं २०११ ला. त्याआधी सगळे नागपूर विद्यापीठाच्या हाताखाली, मार्कशीटवरच्या चुकीसाठीही नागपूर. पण मला सांगायचं ते विद्यापीठाच्याही आधीचं.

धानोरा तालुक्यातलं मेंढा (लेखा) ऐकलं असेल. पाचशेच्या आसपास वस्तीचं गोंड गाव. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" हे त्यांचंच. २००९ मध्ये त्यांना सामूहिक वनहक्क मिळाला, १८०० हेक्टरच्या आसपास जंगल. २०११ मध्ये बांबू विकायचे वाहतूक परवाने ग्रामसभेच्या हातात आले. हे सगळे सांगतात. कमी लोक सांगतात ते असं की तिथे ग्रामसभेच्या जोडीला अभ्यास गट असतो. एखादा विषय आला की आधी बसून समजून घ्यायचा, कायदा वाचायचा, बाहेरच्या जाणत्याला विचारायचं. निर्णय मात्र ग्रामसभेचा, आणि तोही बहुमतानं नाही, सर्वसहमतीनं. एकजण अडला तरी थांबायचं, पुन्हा बोलायचं.

मी एमएसडब्ल्यू (समाजकार्यात एम.ए.सारखी पदवी) करताना एका सभेला बाहेरची म्हणून बसले होते. दोन तास झाले तरी निर्णय नाही. मी वहीत लिहिलं, "वेळेचा अपव्यय." ती वही अजून आहे माझ्याकडे. आता मी ग्रामसभांसोबत काम करते आणि लवकर संपलेल्या सभेची मला भीती वाटते.

तुरीची शेंग, तुमच्या टँकरच्या दोन ओळी. त्या लिहायच्या आधी चौकात कोणाशी बोलला होतात का? की एकटीनंच लिहिल्या?

---

तुरीची_शेंग

एकटीनंच.

---

बाहेरून_बीए

हा धागा माह्या पोरीनं वाचून दाखवला. तिलेच टाइप कराले लावलं हाय, ती मधी मधी शुद्ध करून राहिली, मी म्हटलं नोको करू.

माहं लगन एकोणिसाव्या वर्षी झालं. बारावी होती. मंग मुक्त विद्यापीठातून, नाशिकवाल्या यशवंतराव चव्हाणमधून, बी.ए. केलं. पुस्तकं घरी आली पार्सलनं. अभ्यास केंद्र तालुक्याले, रविवारी वर्ग. सासू म्हणे रविवारी कोन्ती शाया असते? नवरा सायकलनं सोडून दे. पहिल्या पेपरले लेक तीन महिन्याचा होता, बाहेर झाडाखाली त्याचे आजोबा घेऊन बसले होते. आज तो पॉलिटेक्निकले हाय.

होस्टेल, मेस, शिबिर, मले यातलं काईच भेटलं नाई. पन तुह्या फयाचं वाचलं तं हासू आलं, बाई. हा फया आमच्याकडं कवाचा हाय. बचत गटाले पाय. दर बैठकीले हिशेब मोठ्यानं वाचाचा. कोनाची बचत आली, कोनाचं कर्ज किती, कोनाचा हप्ता राह्यला. सगळ्याईसमोर. ज्या बाईले वाचता येत नाई तिले ऐकू तं येते. आमच्या गटात एकदा दोनशे रुपये कमी आले. सचिव मीच होती. दोन बैठका माहं तोंड उतरेल होतं. शेवटी एका म्हातारीनं सांगतलं का तिनंच दोनशे घेतले होते दवाखान्यासाठी, सांगाले लाजत होती.

तं हे विद्यापीठातून आलं म्हनते तू, ते मले पटत नाई. बी.ए. नं मले दुसरंच देल्लं. अर्ज लिव्हता येते, अन् साहेबानं खुर्ची नाई देल्ली तं उभ्यानं बोलता येते. तेवढं पुरते.

अन् एक सांगतो बाई, राग नोको येऊ देऊ. तू फया एकटीनं लावला, म्हनून एका रात्रीत गेला. बारा बायाईनं लावला असता तं काढनाऱ्याले बारा घरी जा लागलं असतं.

---

पेन्शनर_बंधारा

बाहेरून_बीए ताईंना दंडवत. या एका प्रतिसादावर मी सात दिवसांचं बौद्धिक ओवाळून टाकतो.

---

हिंजवडी_ते_हिंगणघाट

ॲपचा विषय सोडला, मान्य. एक विचारू? फळ्यावर रोज जे लिहायचात ते पुसण्याआधी वहीत उतरवत होतात का? तारीख, टाकी किती फूट, कोणता वॉर्ड, किती वेळ? तो सव्वा महिना जरी असला तरी बघता येईल.

(आणि हो, लालपरीभाऊ, दिवाळीत येतोय. चक्कर मारतो. पंख्याखाली नाही बसणार.)

---

तुरीची_शेंग

उतरवत होते, मेसची सवय. फोटो पाठवते.

---

हिंजवडी_ते_हिंगणघाट

ताई, फोटोंवरून तक्ता केला. तुमच्या वॉर्ड ६ आणि ९ ला जे पाणी मिळालं ते दर वेळी शेवटी. तेव्हा टाकी नेहमी तीन फुटांच्या खाली. तुम्ही "कधी आलं" हे लिहीत होता, पण "किती वेळ आलं" बघितलं तर पहिल्या चार वॉर्डांना तासाच्या वर, आणि या दोघांना वीस-पंचवीस मिनिटं. पाळीचा क्रम कोणी ठरवलाय?

---

तुरीची_शेंग

व्हॉल्व्हमनकाकांना विचारलं. ते म्हणाले, ते लागले तेव्हापासून असाच आहे. त्यांच्या आधीच्या माणसाचं घर वॉर्ड १ मध्ये होतं, म्हणून सुरुवात तिथून. बस, एवढंच कारण! कोणाचं कारस्थान नाही. सतरा वर्षं दोन वॉर्ड रात्री दोनला उठतायत, कारण एका माणसाला घरून निघाल्यावर पहिला व्हॉल्व्ह तोच लागायचा.

दोन वर्षं वाटप या विषयावर पेपर लिहिले मी. हे वहीत माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी टँकरच्या मागे लागले होते.

---

टेबल_क्र_४

क्रम बदलायला ठराव लागत नाही, निविदा लागत नाही. पाणीपुरवठ्याच्या टेबलावर एक कार्यालयीन आदेश, झालं. टँकरचा अर्ज वेगळा ठेवा, दोन्ही एकाच कागदावर नको. एकाच्या रागात दुसरं बुडतं.

---

तुरीची_शेंग

धागा वर काढतेय, दोन महिन्यांनी.

बाहेरून_बीए ताई, तुमचं ऐकलं. वॉर्ड ६ आणि ९ मधल्या दोन गटांच्या बैठकीला गेले, वही घेऊन. मी वाचून दाखवलं. पहिल्यांदा कोणाचा विश्वास बसेना, मग एकीनं हिशेब केला की वीस मिनिटांत तिच्या घरी सात गुंड (हंडे) पाणी होतं आणि वॉर्ड २ मधल्या नणंदेकडे टाकी भरून वाहते. नंतर मला काही बोलावंच लागलं नाही. चौदा जणी गेल्या नगरपंचायतीत. मी मुद्दाम मागे उभी राहिले. आवक क्रमांक घेतला. साहेबांनी खुर्ची दिली नाही, कोणी मागितलीही नाही.

क्रम बदलायला पाच आठवडे लागले. आता पाळी फिरती आहे, दर वेळी पुढच्या वॉर्डापासून सुरुवात. वॉर्ड १ चे लोक माझ्याशी बोलत नाहीत. त्यात माझी सख्खी मावशी आहे. टँकरच्या अर्जाला "नोंदवही उपलब्ध नाही" असं उत्तर आलंय, अपील टाकलंय.

फळा नवीन केला, यावेळी लाकडी. चक्कीच्या आत लावलाय, गव्हाच्या रांगेसमोर. चक्कीवाल्या काकूंनी अट घातली की वर एका कोपऱ्यात दळणाचा भाव लिहायचा, म्हणजे गिऱ्हाइकं विचारून डोकं खाणार नाहीत. टँकरच्या ओळी अजून लिहिलेल्या नाहीत. गटाच्या पुढच्या बैठकीत विषय आहे.

आज सकाळचा फळा जसाच्या तसा:

गहू ५ रु. किलो. ज्वारी ६.
टाकी ७ फूट.
उद्या सुरुवात वॉर्ड ९, सकाळी ६.
वॉर्ड ३ ला परवा.
रात्री डीपी उडाली होती, ९ ला उशीर झाल्यास मायवरून सुरू करू नये.
— व्हॉल्व्हमन